बाबांना पार्किन्सन्स, मेंदूत "प्रोटीन साचलंय" म्हणे, मग वरण-अंडी बंद करायची का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा ६९ वर्षांचे, एसटीत वाहतूक नियंत्रक होते, रिटायर होऊन अकरा वर्षं झाली. दोनेक वर्षं उजवा हात थरथरायचा, आम्ही म्हणायचो वय झालं. मग पाय घासत चालायला लागले, सदऱ्याची बटणं लावायला पंधरा मिनिटं, शेवटी गेल्या दिवाळीनंतर न्यूरोकडे नेलं तर त्यांनी बघता बघता सांगितलं पार्किन्सन्स. गोळ्या सुरू झाल्या आणि फरकही पडला. बाहेर ही गर्दी, मी घाईघाईत एवढंच विचारलं की हे होतं कशानं, तर म्हणाले मेंदूच्या पेशींमध्ये एक प्रोटीन साचत जातं. बस्, पुढचा पेशंट.

आता हे वाक्य मी घरी येऊन आत्याला सांगितलं ही माझी चूक. तिनं लगेच फर्मान काढलं, साचतंय ना, मग घालताच कशाला पोटात. वरण बंद, उसळ बंद, अंडं तर नावच नको, दूध चहापुरतं. चार महिन्यांत वजन ६४ वरून ५७ वर आलंय. आणि गंमत म्हणजे आत्या म्हणते बघ गोळी कशी लागू पडतेय आता, आणि ते खोटं नाहीये हो, सकाळी भात-भाजी खाऊन बसले की दोन-तीन तास हात खरंच मोकळा असतो, आधी एवढा नसायचा. त्यामुळे मला तिच्याशी धड भांडताही येत नाही.

तर हे प्रोटीन म्हणजे खाण्यातलंच का? दुसरं, कुठेतरी वाचलं की ते एका पेशीतून दुसरीत पसरतं, म्हणजे लागण होते का काय, आई त्यांच्याच ताटात जेवते. आणि मेंदूतलं प्रोटीन साफ करणारं इंजेक्शन निघालंय अशी बातमी भावानं पाठवली, ते मिळतं का आपल्याकडे?

अजून एक, याचा संबंध आहे की नाही माहीत नाही. बाबांना सात-आठ वर्षं वासच येत नाही. दूध करपून धूर झाला तरी हे शेजारी पेपर वाचत बसलेले. आणि झोपेत ओरडतात, लाथा मारतात, "मागं घ्या, मागं घ्या, फलाट सोडा" असं. आम्ही हसायचो.

पेशीपुराण

ताई, आधी कुकर लावा आणि वरण सुरू करा, मग पुढचं वाचा.

मी डॉक्टर नाही, बायोकेमिस्ट्रीवाला आहे, याच प्रोटीनच्या शेजारच्या गल्लीत पाच वर्षं पीएचडी घासलीय. साचतं त्याचं नाव अल्फा-सिन्युक्लिन. १४० अमिनो आम्लांची, म्हणजे प्रोटीनच्या सुट्या मण्यांची, माळ समजा. ती आपल्याच चेतापेशी बनवतात, आपल्याच जीनवरून, माझ्या मेंदूत आहे, तुमच्या आहे, आत्याच्याही आहे. पेशीच्या टोकाला जिथून पुढच्या पेशीला निरोप जातो तिथे त्याचं काम असतं. ताटातल्या डाळीचं प्रोटीन अख्खं मेंदूत जातच नाही, पोटात-आतड्यात त्याचे मणी सुटे होतात आणि शरीर त्यातून स्वतःच्या माळा ओवतं. डाळ बंद केली म्हणून सिन्युक्लिन कमी होत नाही, त्याआधी मांडीचे स्नायू जातील, आणि पार्किन्सन्सवाल्याचं वजन तसंही घटत असतं, त्यात पडून हाड मोडलं की मग बघायला नको.

आता साचतं का. प्रोटीनची माळ नुसती लोंबत नसते, तिची घडी पडते आणि घडीप्रमाणे ती काम करते. सिन्युक्लिन हे जरा बेशिस्त पोर आहे, एकटं असताना त्याला ठराविक घडीच नसते, पेशीतल्या पडद्याला चिकटलं की आकार घेतं. म्हणून ते चुकीच्या वळणाला लागायची शक्यता जास्त. एकदा का ते सपाट होऊन दुसऱ्या सपाट झालेल्यावर बसलं की पत्रावळी रचतात तशी चवड होत जाते, मग धागे होतात, आणि शेवटी पेशीत गोळे दिसतात. हे गोळे फ्रिट्झ लेवी या जर्मन डॉक्टरनं १९१२ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, म्हणून लेवी बॉडी. तो अल्झायमरच्याच म्युनिकच्या प्रयोगशाळेत काम केलेला माणूस. पण गोळ्यात आहे काय हे कळायला १९९७ उजाडलं. त्या वर्षी इटलीतल्या कोंतुर्सी गावातून आलेल्या एका घराण्यात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या पार्किन्सन्स होता, सिन्युक्लिनच्या जीनमध्ये एक अक्षर बदललेलं सापडलं, ५३ व्या जागेचा मणी वेगळा, बास एवढंच. आणि त्याच वर्षी दुसऱ्या गटानं दाखवलं की लेवी बॉडी मुख्यतः याच प्रोटीनच्या असतात. पुढे २००३ मध्ये अमेरिकेतलं एक कुटुंब सापडलं, त्यांचं प्रोटीन अगदी नॉर्मल, पण जीनच्या जादा प्रती, म्हणजे माल जास्त तयार होतो, तेवढ्यानंही लवकर आणि जोरात आजार. म्हणजे घडी चुकली तरी गोत्यात आणि माल जास्त झाला तरी गोत्यात. (घाबरू नका, अशी घराणी फार थोडी, बहुतांश पेशंटांत असं एकच एक जीन सापडत नाही.)

तिसरी बाजू कचरा उचलण्याची. पेशी खराब प्रोटीन रोज मोडून टाकत असते, त्यासाठी तिच्याकडे लायसोसोम नावाच्या पिशव्या असतात. वय झालं की ही नगरपालिका मंदावते. काही लोकांत लायसोसोममधल्या एका एन्झाइमच्या जीनमध्ये दोष असतो, त्यांना पार्किन्सन्सचा धोका बराच वाढतो. आणि चेतापेशी म्हणजे काय कातडीची पेशी नाही, झडली आणि नवी आली, ती एकदाच मिळते, ६९ वर्षं तीच. कचरा साचायला वेळ भरपूर.

आत्याचं सकाळचं निरीक्षण मात्र शंभर टक्के खरं आहे, फक्त त्याचं कारण तिनं चुकीचं लावलंय. पार्किन्सन्सला देतात ती लिव्होडोपाची गोळी म्हणजे स्वतःच एक अमिनो आम्ल. आतड्यातून रक्तात जायला आणि रक्तातून मेंदूत शिरायला तिला त्याच गाडीनं जावं लागतं ज्या गाडीनं डाळीतले मणी जातात. बाबांना एसटीच्या भाषेत सांगा, भरपेट उसळ खाल्ली की स्टँडवर ही गर्दी आणि गोळीबाई थैली घेऊन फलाटावरच. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, किंवा जेवून तास-दीड तासानं. काही डॉक्टर प्रोटीनचा मोठा भाग रात्रीच्या जेवणात ढकलतात. डाळ तोडायची नाही, वेळ तोडायची. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा, गोळीची वेळ आपल्या मनानं हलवू नका.

लागणीचं रात्री लिहितो, आत्ता लॅबमध्ये आहे.

वनौषधी

खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण सुरू करा, दुधातून सकाळ-संध्याकाळ एक चमचा. आयुर्वेदात कंपवात हजारो वर्षांपूर्वी सांगितलाय, इंग्रजांना १८१७ मध्ये कळला. माझ्या मामांना उत्तम गुण. साचलेलं सगळं निघून जातं.

पेशीपुराण

वनौषधी, खाजकुइलीला मी हसणार नाही, तिच्या बियांत लिव्होडोपा खरोखर असतं, तेच जे गोळीत आहे. म्हणूनच भीती वाटते. ताईंचे बाबा आधीच गोळी घेतायत, वर चमच्यानं मोजमाप नसलेला तोच माल घातला की हात-पाय आपोआप वळवळायला लागतील, बीपी पडेल, उलट्या होतील आणि डॉक्टरला कळणारच नाही की डोस कुठून वाढला. गोळीत कार्बिडोपा असतं ते रक्तातल्या रक्तात लिव्होडोपा वाया जाऊ नये म्हणून, चूर्णात ते नाही. आणि "साचलेलं निघून जातं" हे ना चूर्णानं होतं ना गोळीनं. दोन्ही फक्त कमी पडलेलं डोपामिन, म्हणजे मेंदूतलं हालचालीचा निरोप नेणारं रसायन, भरून काढतात. मामांना गुण आला असेल, नक्की आला असेल, पण तो याच कारणानं. ज्याला घ्यायचंय त्यानं न्यूरोला सांगून घ्यावं.

आता लागण. ताई, आईंना निर्धास्त जेवू द्या. पार्किन्सन्स ताटातून, उष्ट्यातून, एका अंथरुणातून लागत नाही. तुम्ही वाचलंत ते पेशीपुरतं आहे. बिघडलेलं सिन्युक्लिन शेजारच्या पेशीत गेलं की तिथल्या चांगल्याला बिघडवतं, दुधात चमचाभर विरजण घातलं की सगळं पातेलं लागतं ना, तसं. याचा धक्कादायक पुरावा २००८ मध्ये आला. त्याच्या बऱ्याच वर्षं आधी काही पेशंटांच्या मेंदूत गर्भातल्या ताज्या चेतापेशी बसवल्या होत्या. ते लोक पुढे वारल्यावर मेंदू तपासले तर त्या कोवळ्या पेशींमध्येही लेवी बॉडी! अकरा ते सोळा वर्षांच्या पेशी आणि त्यांत म्हाताऱ्या मेंदूचा आजार.

माणसामाणसांत पसरणारा प्रकार आहे, पण तो वेगळ्या प्रोटीनचा, प्रायॉन. पापुआ न्यू गिनीत फोरे जमातीत मयताचा मेंदू खायची शोकाची रीत होती, त्यातून कुरू नावाचा आजार पसरला, बायका-मुलांत जास्त, कारण खाणं त्यांच्याकडे यायचं. रीत बंद झाली, आजारही ओसरत संपला. विषाणू नाही, जीवाणू नाही, नुसतं प्रोटीन पसरतं हे स्टॅनले प्रुसिनरनं १९८२ मध्ये म्हटलं तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं होतं, १९९७ ला नोबेल.

वास आणि झोप, याचा संबंध आहे. नुसता आहे नाही, तुमचे बाबा पुस्तकातल्यासारखे आहेत. ब्राक नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं २००३ मध्ये बऱ्याच मेंदूंवरून मांडलं की हे गोळे आधी वासाच्या भागात आणि मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाला दिसतात, तिथून वर सरकतात, आणि हात थरथरवणाऱ्या जागी पोचतात ते नंतर. देठात झोपेत अंग सैल ठेवणारं बटण असतं, ते बिघडलं की माणूस स्वप्नं जगायला लागतो, फलाट सोडा म्हणतो. बद्धकोष्ठही तेव्हापासूनच असतं बहुतेकदा, विचारून बघा. हाताला कंप येईपर्यंत त्या जागेच्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. आम्ही हसायचो असं लिहिलंत म्हणून सांगतो, तेव्हा ओळखलं असतं तरी थांबवणारं औषध तेव्हाही नव्हतं, आजही नाही. आता एवढंच करा की पलंगाच्या बाजूला गादी टाका आणि टेबल-बिबल लांब सरकवा.

खडूस_केमिस्ट

पेशीपुराण, लिहिता चांगलं, पण विरजणाची उपमा मागे घ्या. विरजणात जिवंत जंतू असतात, ते वाढतात. इथे कोणी जिवंत नाही. ही खडीसाखर आहे. दाट पाकात दोरा सोडला की दोऱ्यावरचा पहिला खडा पुढच्या साखरेला आपल्यासारखं बसायला लावतो, साखर तीच, रचना पाठीला पाठ लावून. लहानपणी शाळेत केलंय सगळ्यांनी. पाक दाट असला की लवकर होतं, ते तुमचं जादा प्रतीवालं कुटुंब.

आणि ही नुसती उपमा नाही, यावर टेस्ट निघालीय. पाठीच्या कण्यातलं पाणी थोडं घ्यायचं, शुद्ध सिन्युक्लिनच्या द्रावात टाकायचं आणि हलवत बसायचं. पेशंटच्या पाण्यात बिघडलेला खडा असला तर सगळं द्रावण धाग्यांनी भरतं, नसला तर तसंच राहतं. २०२३ मध्ये ११०० हून जास्त लोकांवर केलेलं काम छापून आलं, पार्किन्सन्सवाल्यांपैकी जवळपास ८८ टक्क्यांत पॉझिटिव्ह. ताई, तुमच्या बाबांना करायची काही गरज नाही, त्यांचं निदान झालंय आणि औषध त्यानं बदलणार नाही. पण जे १२ टक्के निगेटिव्ह आले ते मला झोपू देत नाहीत. एलआरआरके-टू नावाच्या जीनचा दोष असलेले काही पेशंट असे आहेत की पार्किन्सन्स पक्का, पण मेंदूत लेवी बॉडी नाहीतच. आणि उलट, कसलाही त्रास न होता वारलेल्या म्हाताऱ्यांच्या मेंदूत गोळे सापडतात. मग गोळा म्हणजे आग का नुसती राख? का पेशीनं विष एका कोपऱ्यात गुंडाळून ठेवलंय, आणि खरा घात करतात ते गोळा व्हायच्या आधीचे छोटे तुकडे? माझं मत शेवटच्याकडे झुकतं, पण माझ्या मताला कोण विचारतो.

इंजेक्शनची बातमी अल्झायमरची आहे, तुमच्या भावानं हेडिंग वाचून पाठवलीय. त्यात साचतं ते वेगळं, पेशीबाहेर अमायलॉइड बीटा आणि पेशीच्या आत टाऊ. लेकॅनेमॅब नावाचं इंजेक्शन अमायलॉइड खरंच साफ करतं, स्कॅनवर दिसतं. १७९५ लोकांवर दीड वर्ष चाचणी झाली, घसरण २७ टक्के मंदावली म्हणून पेपरात ठळक छापलं, पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर फरक किती, तर ०.४५. घरच्यांना जाणवेल का यावर डॉक्टरांत अजून हमरीतुमरी चालू आहे. वर काहींच्या मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव, म्हणून सारखे एमआरआय. त्याच्या आधी अड्युकॅन्युमॅब आलं होतं, २०२१ ला अमेरिकेत मंजुरी, तेव्हाही शिमगा, आणि २०२४ मध्ये कंपनीनंच गुंडाळलं. पार्किन्सन्ससाठी सिन्युक्लिनला पकडणारी अशीच दोन औषधं होती, २०२२ मध्ये दोन्हींचे निकाल आले, वर्षभरानंतर नुसत्या सलाइनवाल्यांत आणि औषधवाल्यांत मुख्य मोजमापात फरक नाही. एकाचं काम थांबलं, दुसऱ्याचं पुढे चालू ठेवलंय. तेव्हा कोणी "प्रोटीन क्लिअरन्स ड्रिप" म्हणून पैसे मागितले तर चप्पल काढा.

पेशीपुराण

खडीसाखर मान्य. पीएचडीच्या तोंडी परीक्षेत सुचली असती तर बरं झालं असतं.

राखेचं अर्धं मान्य. कोंतुर्सीच्या घराण्याचं काय करणार मग? एक मणी बदलला आणि आजार झाला, म्हणजे प्रोटीन आगीत सामील आहेच. गोळा राख असेल, प्रोटीन राख नाही.

खडूस_केमिस्ट

हेच तर म्हणतोय मी वेगळ्या शब्दांत. असो.

अजिंक्यताऱ्याखाली

तुमचं शास्त्र चालू द्या, मी ताईंसाठी लिहितेय. माझ्या आईला हेच प्रोटीन, पण नाव वेगळं, लेवी बॉडी डिमेन्शिया. आम्हाला डॉक्टरांनी असं समजावलं की माल तोच, साचायची जागा आणि क्रम वेगळा. आधी हालचाल बिघडली आणि विसरणं बऱ्याच वर्षांनी आलं तर पार्किन्सन्सच्या खात्यात, विसरणं-भास आधी किंवा वर्षभराच्या आतच आले तर हे खातं. हा आजार वेगळा म्हणून जपानच्या कोसाका नावाच्या डॉक्टरांनी १९७६ मध्ये दाखवला, तरी अजून बऱ्याच लोकांना अल्झायमर म्हणूनच सांगतात.

आईला माणसं दिसतात. घाबरवणारी नाही, आपली साधी, माहेरची. "पडवीत मंडळी बसलीत गं, चहा टाक." पहिले सहा महिने मी वाद घालायचे, कोणी नाहीये आई, बघ, हात लावून बघ. ती रडायची. आता मी विचारते किती कप, ती म्हणते पाच, मी दोन टाकते, आम्ही दोघी पितो. आणि दिवस दिवसासारखे नसतात हो, सकाळी हिशोबातली चूक काढेल माझ्या आणि दुपारी मी कोण म्हणून विचारेल.

पण मला जे सांगायचंय ते हे. मागच्या वर्षी लघवीच्या इन्फेक्शननं तिला ॲडमिट केलं, रात्री ती बडबडायला लागली, सलाइन उपसलं, तर ड्युटीवरच्या मुलानं शांत व्हायला म्हणून हॅलोपेरिडॉल टोचलं. मी घरी डबा आणायला गेले होते. परत येते तर आई लाकडासारखी ताठ, गिळता येईना, डोळे उघडेना. नऊ दिवस गेले तिला वळणावर यायला आणि चालणं ते गेलं ते पूर्ण परत आलं नाही. हे औषध डोपामिनच अडवतं, ज्याची आधीच मारामार, आणि लेवीवाल्यांना तर फारच वाईट बाधतं, पार्किन्सन्सलाही चालत नाही. नेहमीची उलटीची एक गोळीही तशीच आहे, मेटोक्लोप्रमाइड. तेव्हापासून फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल मार्करनं लिहून ठेवलंय आणि तिच्या उशाच्या भिंतीलाही चिकटवते. ताई, तुम्ही आजच लिहा. बाबांना उद्या काय होईल सांगता येत नाही, हर्नियाला सुद्धा ॲडमिट करावं लागेल, तिथे तुमचे न्यूरो नसणार.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, पेशंट आणि घरचे सगळे एकत्र, मराठीत बोलतात. कृष्णाकाठाहून येणं अवघड पण फोनवर बोलून बघा, नुसतं ऐकणारं माणूस भेटलं तरी त्या दिवशी जेवण जातं.

वनौषधी

मामा गोळीही घेतात हे विसरलो होतो. विचारतो आज त्यांना. ते झोपून उठल्यावर हात फार वळवळतात असं मामी म्हणत होती.

पेशीपुराण

वनौषधी, आजच विचारा. चूर्णाचा डबा घेऊनच डॉक्टरकडे जा म्हणावं.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे खूप आभार, चार दिवस उत्तर देता आलं नाही. अजिंक्यताऱ्याखाली, तुमचं वाचून रात्री जागीच होते, सकाळी पहिलं काम मार्कर आणला. दोन कपांचं वाचून आईला दाखवलं, ती काही बोलली नाही, उठून आत गेली.

गुरुवारी न्यूरोकडे जाऊन आले, यावेळी प्रश्न कागदावर लिहून नेले. गोळी सकाळी ७ ला, नाश्ता पावणेआठला, दुपारची तशीच आधी, आणि वरण-अंडं-दही बऱ्यापैकी रात्री. वजनाचं ऐकून ते माझ्यावरच चिडले आणि बरोबरच चिडले. बद्धकोष्ठ विचारलं तर बाबा म्हणाले दहा-बारा वर्षं आहे, त्यात काय सांगायचं.

आत्याला पटवायला मी पेशीपुराणांची गाडीची गोष्ट सांगत होते, ती काही ऐकेना, म्हणे आधी साचतं म्हणालीस आता खा म्हणतेस. तर कोपऱ्यात बसलेले बाबा, जे हल्ली दिवसात चार वाक्यं बोलतात, ते म्हणाले, "अगं सोपं आहे. गोळीची गाडी वेळेवर सोडायची. वरणाला मागनं जादा गाडी लावायची."

काल रात्री मटकीची उसळ केली होती. दोनदा घेतली.